लाकडी पेन तापतंय, थरथरतंय म्हणून मशीन विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. बचत गटाच्या ट्रेनिंगनंतर लाकडी पेनं बनवायचं छोटं लेथ मशीन (लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) घेतलं, पण कातताना पेन थरथरतं, त्याच्या अंगावर वळ उठतात, पॉलिशपेपर लावला की बोटाला चटका बसतो, आणि एवढं करून तयार झालेली पेनं काही दिवसांनी उभी चिरतात, तेव्हा हे मशीन विकून मोठं घ्यायचा विचार आहे असं त्यांनी लिहिलं होतं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर म्हणून आयुष्य काढलंय, बीड (ओतीव लोखंड) आणि लोखंड कातलं, रिटायर झाल्यावर लाकडाकडे वळलो, आणि आजूबाजूच्या गटातल्या बायका, कॉलेजची पोरं अडली की विचारायला माझ्याकडे येतात. त्या अनुभवावर सांगतो, घाई करू नका. दहातल्या आठ-नऊ वेळा दोष मशीनमध्ये नसतो, आणि मोठ्या मशीनवर गेलात तरी तीच थरथर आणि तोच चटका पाठोपाठ येणार.

तापणं आणि थरथरणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात पण दोन्हीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, जादा दाब. नट जादा आवळलेला, टेलस्टॉक (फिरत्या कामाला मागून टेकू देणारा मशीनचा भाग) जादा दाबलेला, ड्रिल रेटलेलं, बोथट टूल जोर लावून घुसवलेलं, पॉलिशपेपर चिमटीत करकचून धरलेला. ट्रेनिंगमध्ये पेन कसं जोडायचं, रिफिल कशी बसवायची, पॅकिंग कसं करायचं हे सगळं शिकवतात पण हात कुठे सोडायचा हे कोणी शिकवत नाही, आणि खरं कौशल्य तिथेच आहे असं मला वाटतं.

आधी पेनाची रचना बघा म्हणजे थरथर कुठून येते ते कळेल. साध्या स्लिमलाइन, म्हणजे सडपातळ पेनात ७ मिलिमीटरची पितळी नळी असते. लाकडाच्या चौकोनी तुकड्याला ७ चं भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, असे दोन तुकडे मँड्रेलवर, म्हणजे मशीनमध्ये धरलेल्या बारीक दांड्यावर ओवायचे, टोकांना आणि मध्ये बुश (जाडीचं माप देणाऱ्या धातूच्या कड्या), शेवटी नट. आता ७ च्या नळीच्या आतून जाणारा मँड्रेल जाड तरी किती असणार, सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, आणि लांबी वीतभर. एवढ्या बारीक दांड्याला टेलस्टॉकनं मागून रेटलं की तो मधोमध पोट काढतो, डोळ्याला दिसत नाही पण काढतो. मग टूल लावलं की लाकूड टूलखाली दबतं, उसळतं, परत दबतं, आणि ही उसळी सेकंदाला शेकडो वेळा होते, त्याचेच ते वळ. नुसते वळ उठले तर पॉलिशपेपरनं जातील एकवेळ, पण वाकलेल्या मँड्रेलवर कातलेल्या पेनाची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, आणि जोडताना मधल्या रिंगपाशी एकीकडे पायरी राहते. गिऱ्हाईक बोट फिरवतं ना, त्याला ती पायरी पहिल्यांदा लागते.

हे तपासायला डायल गेज (बारीक वाक दाखवणारं काट्याचं माप) असेल तर उत्तम, नसेल तर पेन्सिल पुरते. मशीन हळू फिरवा, टूल रेस्टवर (टूल टेकवायच्या आडव्या पट्टीवर) पेन्सिल टेकवा आणि तिचं टोक मधल्या बुशला अगदी हलकं लावा. बुशला कागदी चिकटपट्टी लावली तर खूण नीट दिसते. रेघ सगळीकडून सारखी उठली तर मँड्रेल सरळ आहे, एकाच बाजूला उठली तर वाकलाय. मग टेलस्टॉकचं चाक पाव फेरा मागे घ्या आणि पुन्हा बघा. बऱ्याच वेळा तेवढ्यावरच रेघ पूर्ण गोल होते, म्हणजे मँड्रेल कायमचा वाकडा नव्हता, तुमच्या दाबानं वाकत होता. पाव-पाव फेरा सोडूनही रेघ एकीकडेच राहिली तर मँड्रेल काढून जाड काचेवर लोळवून बघा, मँड्रेल आणि काचेमध्ये उजेडाची फट नाचताना दिसली की तो बदला, त्याला हातोडी मारून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. नट पान्यानं कधीच आवळायचा नाही, बोटांनी, तुकडा जागेवर फिरणार नाही इतपतच. आणि रिव्हॉल्व्हिंग सेंटर (टेलस्टॉकमधलं, कामाबरोबर फिरणारं टोक) ६० अंशाचंच घ्या, मँड्रेलच्या टोकाचं होल ६० अंशाचं असतं, दुसऱ्या कोनाचं सेंटर लावलं तर ते काठावरच टेकतं आणि मग लोक ते घट्ट व्हावं म्हणून अजून दाबत बसतात.

अजून एक साधा उपाय आहे आणि तो लोक का करत नाहीत मला कळत नाही. दोन तुकडे एकदम ओवू नका, एकेक काता. दांड्याचा वाक त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे लांबी निम्मी केली की तेवढ्याच जोराला वाक आठपट कमी. आठपट! नवीन मशीन घेऊनसुद्धा एवढा फरक पडणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी मँड्रेल काढूनच ठेवावा, दोन्हीकडे सेंटर आणि त्यांच्यात बुशसकट एकच तुकडा धरावा, मग वाकायला दांडाच उरत नाही. बाजारात एक पोकळ सेंटरही मिळतं ज्याच्यातून मँड्रेल आरपार जातो आणि दाब मँड्रेलच्या टोकावर न येता थेट बुशवर येतो, तेही चांगलं आहे, मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता मँड्रेल सरळ आहे तरी आवाज येतोय, तर वळ कुठे उठलेत ते बघा, ते स्वतःच सांगतात. पेनाच्या पोटावर उठले तर लांबीचा किंवा दाबाचा प्रश्न. बुशच्या जवळ टोकाला उठले तर तुकड्याची टोकं नळीशी काटकोनात तासलेली नाहीत, त्यामुळे बुश तिरपा बसतो आणि नट आवळला की तोच मँड्रेलला वाकवतो, ट्रिमर (टोकं सपाट तासायचं कटर) लावून टोकं परत चौरस करा पण पितळ दिसलं की थांबा. एका ठरावीक जागीच टक टक ऐकू येत असेल तर तिथे नळी आणि लाकडाच्या मध्ये गोंद पोचलेला नाही, पोकळी आहे, तो तुकडा पुढे कातला तर उडणार, लगेच मशीन बंद करा. आणि पूर्ण अंगावर मळसूत्रासारखे वळ असतील तर टूल रेस्ट ढिला आहे किंवा लांब आहे. टूल रेस्ट तुकड्यापासून ३-४ मिलिमीटरवर हवा, आणि कातून तुकडा बारीक होत गेला की तोही पुढे सरकवायचा, आमच्या लोखंडाच्या कामात टूल जितकं बाहेर लोंबेल तितका चॅटर (थरथर) हा पहिला धडा असतो, लाकडालाही तोच लागू. हे सगळं बघून झाल्यावर स्पिंडलची (मशीनच्या फिरत्या मुख्य दांड्याची) बेअरिंग हलवून बघा, दोन सेंटरची टोकं समोरासमोर जुळतात का बघा, मशीन टेबलाला बोल्टनं धरलंय का बघा. हलकं मशीन डगमगत्या टेबलावर ठेवलं तर ते थरथरणारच, त्यात मशीनचा काय दोष.

स्पीडबद्दल मोठा गैरसमज आहे. थरथरतंय म्हणून लोक स्पीड एकदम कमी करतात, मग टूल कापण्याऐवजी रेशे उपटायला लागतं. पेन बारीक आहे हे लक्षात घ्या, १२ मिलिमीटर व्यासाला ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे कापायचा वेग मिनिटाला ११३ मीटर, लाकडाला हा काही फार नाही. कातताना २००० ते ३००० ठेवायला हरकत नाही, मात्र पहिल्यांदा चौकोनी तुकड्याचे कोपरे काढताना जरा खाली ठेवा. एखाद्या स्पीडला मशीनचं अंग घुमतं, मग त्या स्पीडपासून थोडं वर किंवा थोडं खाली जा, घुमणं तिथल्या तिथे थांबतं.

आणि धार. साग हे दिसायला मऊ वाटतं पण त्याच्यात सिलिका असते, टूलची धार बघता बघता खाते, सागाचं एक पेन होईपर्यंत मधे एकदा तरी धार लावावी लागते. धार गेली की माणूस नकळत जोर लावतो, जोर लावला की मँड्रेल वाकतो आणि लाकूड तापतं. भुसा आणि साल यातला फरक डोळ्यांनी शिका, टूल कापत असेल तर लांब पातळ साल निघते, घासत असेल तर पूड उडते. सुताराकडच्या जुन्या पटाश्या बहुतेक साध्या कार्बन स्टीलच्या, त्या ग्राइंडरवर निळ्या पडल्या की त्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा गेला समजा, तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही, म्हणून सारखं पाण्यात बुडवत धार लावा. हायस्पीड स्टील असेल तर एवढी भीती नाही.

आता तापण्याकडे येतो, आणि इथे मला जास्त कळकळीनं सांगायचंय कारण थरथरलेलं पेन तुम्हाला लगेच दिसतं पण तापलेलं पेन गिऱ्हाइकाच्या खिशात जाऊन चिरतं. पेन म्हणजे पितळी नळीवरचा लाकडाचा पातळ अंगरखा. लाकूड हवेतली ओल घेतं-सोडतं, फुगतं-आक्रसतं, पितळ ओलीनं हलत नाही. लाकूड सुकून आवळायला लागलं आणि आतली नळी मागे सरेना की लाकडापुढे चिरण्याशिवाय रस्ता नसतो, आणि चीर नेहमी रेशाच्या दिशेनं उभीच पडते. हवेत ९० टक्के आर्द्रता असताना लाकडात साधारण २० टक्के ओल राहते, आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ती ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे जुलैत सावंतवाडीला बनवलेलं पेन मे महिन्यात नागपूरला गेलं तर काय होईल विचार करा. साग तसं शांत लाकूड, ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेनं साधारण ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आक्रसतं, पण ओल नुसती १० टक्क्यांनी उतरली तरी १२ मिलिमीटरच्या पेनाच्या घेराला अर्धा मिलिमीटर कमी पडतो. दुसरी बहुतेक लाकडं तर सागापेक्षा जास्तच हलतात.

आता या सगळ्यात उष्णता काय करते, तर सहा महिन्यांत होणारं सुकणं ती मिनिटभरात घडवते, तेही फक्त वरच्या थरात. पॉलिशपेपर दाबून धरला की वरचा थर एकदम सुकतो, आतला तसाच असतो, बारीक केसासारख्या चिरा तिथेच पडतात आणि पॉलिशखाली झाकल्या जातात. शिसव, काळं आबनूस, असली घट्ट लाकडं यात सगळ्यात नाजूक. शिवाय पितळ उष्णता पटकन पसरवतं, ती गोंदापर्यंत जाते, पाच मिनिटांत सेट होणारा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागतो, नळी सुटते आणि पुन्हा थरथर सुरू. म्हणूनच म्हटलं, दोन्ही दुखण्यांचं मूळ एक.

उष्णतेची सुरुवात मात्र पॉलिशपेपरपाशी होत नाही, ती ड्रिलपाशी होते. लोक ७ चं ड्रिल एका दमात आरपार घालतात, भुसा खोबणीत दाटतो, बाहेर यायला जागा नसते, भोकाची भिंत काळी चकचकीत होते आणि जळका वास येतो. तो वास आला की त्या तुकड्याचा भरवसा सोडा. ड्रिल नवीन धारेचं, स्पीड ५०० ते १००० च्या मधे, थोडं आत जायचं की लगेच पूर्ण बाहेर काढून भुसा झाडायचा, परत आत. ड्रिलला बोट लावून बघा (मशीन बंद करून अर्थात), बोट ठेववत नसेल तर थांबा. भोक पाडलेला तुकडा लगेच नळीवर चढवू नका, रात्रभर राहू द्या, थंड होऊन तो स्वतःच्या जागी बसतो. नळी पॉलिशपेपरनं खरवडून घ्या, सागाला आणि शिसवाला तेल असतं, ॲसिटोननं भोक पुसून सुकल्यावरच गोंद लावा. आणि गोंद म्हणून फेविक्विकसारखं काही थोडंसं टाकून भागवू नका, सावकाश धरणारा इपॉक्सी वापरा आणि नळी फिरवत फिरवत आत ढकला म्हणजे पोकळी राहत नाही.

पॉलिशपेपरच्या वेळी स्पीड निम्म्याहून खाली आणा, ८०० च्या आसपास. व्यास तोच ठेवून ३००० वरून ८०० वर आलात तर घासण्याचा वेग मिनिटाला ११३ मीटरवरून ३० मीटरवर येतो, उष्णता तेवढी कमी. पेपर पेनाच्या खालच्या बाजूनं धरा, उघडा धरा, मुठीत गुंडाळू नका, बोटाला ऊब लागली की काढा, हाच तुमचा थर्मामीटर. भरलेला पेपर फेकून द्या, काटकसर करून जुनाच दाबत बसलं की तो कापत नाही, नुसता तापवतो. प्रत्येक नंबरचा पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक) झाला की मशीन बंद करून एकदा लांबीच्या दिशेनं हातानं घासा, १५० नंबरचे आडवे ओरखडे ४०० वर जाऊन दिसतात ते असे जातात.

उष्णता नेहमी वाईटच असं नाही, हेही सांगायला हवं. कर्नाटकात चन्नपट्टणला आणि आंध्रात एटिकोप्पकाला कातारी फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी दाबतात, घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते, तिथे उष्णता हेच हत्यार आहे. पेनाला शेलॅकचं (लाखेचं) पॉलिश देतानाही तेच तत्त्व, शेवटचा हात जरा ऊब येईपर्यंत द्यावाच लागतो नाहीतर चमक येत नाही. पण ती ऊब लाकूड पूर्ण सुकं असताना, काही सेकंद, आणि जाणीवपूर्वक दिलेली असते. पॉलिशला सुपरग्लू (फेविक्विकसारखा गोंद) वापरत असाल तर सुती कापडावर तो घेऊ नका, सुताशी त्याची प्रक्रिया होऊन कापड एकदम तापतं, धूरसुद्धा निघतो, कागदी टिश्यूच घ्या.

लाकूड कुठून आणायचं असं विचारतात. माझं मत, जुन्या वाड्यांच्या तुळया, खिडक्या, पाळण्यांचे कातीव गज, हे सागवान पिढ्यान्‌पिढ्या सुकलेलं असतं, आपल्याकडे गावोगाव वाडे पडतायत आणि हे लाकूड बंबात जातंय, त्याची पेनं करा, ती सहसा चिरत नाहीत. फक्त चुंबक फिरवून खिळे बघून घ्या. ताजी बाभूळ किंवा चिंच कापून आणली असेल तर तुकडे पाडून टोकांना मेण लावा आणि सावलीत ठेवा, वजनकाट्यावर वजन उतरायचं थांबलं की ते तयार. उन्हात ठेवून सुकवायची घाई केली तर ते तिथेच फाटतं.

अजून एक, पेन तापतं म्हणून हातमोजे घालणारे मी बघितलेत. फिरत्या मशीनवर हातमोजे घालू नका, कृपा करून घालू नका, धागा अडकला की हात आत जातो. ओढणी, पदर, सैल बाह्या, हातातली बांगडी, सगळं आवरून बसा. मास्क लावा, लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे, आणि शिसवाच्या धुळीनं अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

जी मंडळी बचत गटांना आणि बेरोजगार पोरांना हे काम शिकवतात त्यांना माझी विनंती आहे, ट्रेनिंगचा एक पूर्ण दिवस फक्त बिघाड शोधायला द्या. मुद्दाम नट जादा आवळून द्या, बोथट टूल द्या, तिरपं टोक असलेला तुकडा द्या आणि शिकणाऱ्यांना आवाजावरून, वळांवरून कारण शोधू द्या. इचलकरंजी, सांगली, पुणे, नाशिक, कुठेही एमआयडीसीच्या गावात माझ्यासारखे रिटायर टर्नर घरी बसून आहेत, त्यांना बोलवा, बहुतेक जण चहावर येतील. कर्ज काढून घेतलेलं मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलेलं बघितलं की पोटात तुटतं, कारण त्या बाईनं कष्टात कसूर केलेली नसते, तिला कारण कसं शोधायचं ते कोणी दाखवलेलं नसतं एवढंच.

आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत घरबसल्या धंद्यांचे लेख येतात तेव्हा महिन्याला किती कमाई होते ते ठळक छापलेलं असतं. पुढच्या वेळी लाकडी पेनांवर लेख आला तर त्या आकड्याशेजारी एक चौकट द्या, तिच्यात भोक कसं पाडायचं, लाकूड किती सुकं हवं आणि मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, एवढं छापा.

आपला,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर